समर्थच्या नावाची दाढी

"तळवो दाब नि श्वास आत वढ," गंगारामदादा म्हणाले.

बाबलीने मास्कच्या तोंडावर तळवा दाबून श्वास ओढला. रबर गालांना घट्ट चिकटून बसायला हवं होतं. त्याऐवजी दाढीच्या केसांतून हवा सुसू करत आत आली.

"येता मा हवा?"

"येता."

"मगे तू भायरच. हवेच्या जागी धूर इलो तर?" केंद्राचे प्रमुख असले तरी गंगारामदादांचा आवाज मऊ होता.

किनाऱ्यावरच्या त्या लहानशा अग्निशमन केंद्रात धुरात शिरताना घालायचे, मास्क आणि हवेच्या सिलिंडरचे, श्वासाचे दोनच सेट होते आणि अठरा वर्षं दोन्ही बाबलीच्या हातचे. मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे, सिलिंडरचा काटा रोज बघायचा. पण गेले पाच महिने त्याने सेट पाठीवर घेतला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ समर्थ आचऱ्याहून होडी घेऊन समुद्रात गेला. होडी सापडली, समर्थ नाही. लोक दबक्या आवाजात क्रियाकर्माचं, नेसत्या कपड्यांनिशी करायच्या सुतकाच्या आंघोळीचं बोलू लागले, तेव्हा आईने, सुभद्राने, बाबलीचा हात धरला होता. "तू दाढी काढू नको रे. मेलेल्यासाठी काढतत ती. माझो झील येतलो." त्या दिवसापासून बाबलीने गालाला वस्तरा लावला नव्हता.

गेल्या सोमवारी तोंडवलीच्या एका लॉजच्या स्वयंपाकघराला आग लागली. आचारी आत अडकला होता. केंद्रातली जवान दिव्या सेट चढवून दारात उभी राहिली. पण एकट्याने आत जायचं नाही हा नियम, आणि तिचा जोडीदार रजेवर. बाबली तिच्या शेजारी पाण्याचा पाइप धरून उभा होता. दिव्याने मास्कच्या काचेतून एकदा त्याच्याकडे पाहिलं, बस्स. आचारी मागची खिडकी फोडून कसाबसा बाहेर पडला. अजून तो इस्पितळात नळीने श्वास घेत होता.

आज बाबली तोच मास्क हातात घेऊन उठला. मग केंद्रामागच्या नळावर गेला.

"बाबलीदादा, आरसो धरू?" दिव्याने विचारलं.

"धर."

केस ओल्या फरशीवर पडत गेले. त्याने तोंड पुसलं, मास्क चढवला, तळवा दाबला. रबर गालांना बिलगलं. कुठूनही काही आत आलं नाही.

मग त्याने सिलिंडर उघडला. बाहेरचे सगळे आवाज दूर गेले. माडांची झावळं काचेपलीकडे हळूहळू हलत होती, पाण्याखालून दिसावीत तशी. श्वास आत, श्वास बाहेर. त्याला वाटलं, आपण खोल उतरत चाललोय. खाली मऊ वाळू आहे, वरून हिरवट उजेड झिरपतोय आणि तिथे समर्थ कुशीवर निजलाय. त्याला श्वासाची गरज नाही. त्याला कसलीच घाई नाही.

बाबली तिथे बराच वेळ थांबला. गंगारामदादांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा काच आतून धुरकटली होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई घरापुढच्या खळ्यात सुकट निवडत होती. तिने वर पाहिलं. तिचे हात थांबले.

"कोणी सांगल्यान तुका?"

"कोणीच नाय, आये. मास्क बसा नाय होतो." तो पायरीखालीच उभा राहिला. "माणूस आत रवलो, नि मी भायर."

ती पदर खोचून उठली, विहिरीवर गेली. रहाटाचा आवाज आला. कळशी भरून तिने कठड्यावर ठेवली. बाबलीला वाटलं, आता ती आपल्याला आंघोळीला हाक मारील.

सुभद्रा विहिरीकाठच्या धोंडीवर बसली आणि ती पहिली कळशी तिने लुगड्यासकट स्वतःच्या डोक्यावर ओतली.