सोपट बांधलेला पाय

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कपाटावर धूळ खात बसलोय. माझ्या गुणगुणण्यामुळे सगळे मला भुंगा म्हणत. हसू नका, एके काळी मी आभाळ गाजवलंय!

माझा जन्म तिथे संशोधन करणाऱ्या कामिनीताईंच्या टेबलावर झाला. आम्ही तिघे ड्रोन. उडता उडता वायरलेसवरून एकमेकांशी बोलायचं, एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे पोचवायचा, हेच आमचं शिक्षण. ताई आधी कॉम्प्युटरात खोटं शिवार रचायच्या आणि त्यात खोटे ड्रोन उडवून बघायच्या. तिथे एकही निरोप कधी हरवला नाही. काय तो रुबाब!

मग खऱ्या चाचणीसाठी आम्ही एरंडोलजवळ शेतकरी निंबाआबांच्या केळीच्या बागेत गेलो. झाडांमध्ये जरा खाली उतरलो आणि माझा संपर्कच तुटला. धाडकन पडलो! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, शिवाय पाय मोडला. विभागप्रमुख म्हणाले, "कामिनी, शनिवारी शेवटची चाचणी. पुन्हा पडला तर प्रकल्प बंद आणि हा भंगारात." भंगार! माझे चारही पंखे गार पडले.

ताई बांधावर डोकं धरून बसल्या. आबांनी विचारलं, "तुन्हा कॉम्प्युटरमा मन्हा बाग कसा शे, माय?"

"मोकळा आहे, आबा. मोजणी केली तेव्हा केळी कापलेली होती."

"आते बोल! केयना खांब म्हंजे उभं पानी शे!" आबांनी घड उतरवलेल्या एका केळीच्या खांबावर कोयता मारला. ताईंच्या तळहातावर पाणी ठिबकू लागलं. हेच पाणी आमचा आवाज गिळत होतं! मग आबांनी खांबावरचं वाळकं साल, म्हणजे सोपट, सोलून माझा मोडका पाय घट्ट बांधला.

ताईंनी तिथेच लॅपटॉप उघडून खोट्या शिवारात पाण्याने भरलेली केळी उभी केली. खोटा ड्रोन उडाला आणि मी पडलो होतो नेमका तिथेच पडला. "पडला, आबा, पडला!" ताई नाचायलाच लागल्या. ड्रोन पडल्याचा एवढा आनंद मी जन्मात पाहिला नव्हता. रोग सापडला होता ना! पडद्यावर चाळीस उपाय फसले. एकेचाळिसावा लागू पडला: एकाने बागेच्या वर उंच थांबायचं आणि खालच्यांचे निरोप पोचवायचे.

शनिवारी ते काम माझ्याकडे आलं. वारा ढकलत होता, बॅटरी उतरत होती, पण मी जागचा हललो नाही. वीस मिनिटं, एकही निरोप हरवला नाही! आबांनी टोपी उडवली. ताई हसत होत्या आणि रडतही होत्या.

आता नवे ड्रोन आलेत. मला कुणी विचारत नाही, वाईट वाटतं. मित्रांनो, एखादी वस्तू पडली तर लगेच टाकू नका. का पडली ते शोधा, आणि त्या मातीत रोज राबणाऱ्यालाही विचारा. कधी आलात तर माझी धूळ पुसा. फक्त ते सोपट सोडू नका. नवा पाय केव्हाच आलाय, पण ताईंनी बसवला नाही. शनिवारी मी याच पायावर उतरलो होतो.