दंडावरची चिंधी

धम्मदीपचा टी-शर्ट नाहीसा झाला त्याच सकाळी तिकडे उरणला ट्रक अडकले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं. पण धम्मदीप त्या सकाळी शहाणा राहिला नव्हता.

"आई, माझा टी-शर्ट कुठाय?"

"कुठचा?" कमळाबाई मोरीपाशी बोंबील साफ करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तो निळा."

"त्याला निळा म्हनतात व्हय?"

तसं बघायला गेलं तर बाईंचंही बरोबर होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला मिळालेला तो टी-शर्ट एके काळी निळा होता. आता त्याला रंग असा उरला नव्हता. गळा सैल पडून खांद्यावर यायचा, काखेत भोक होतं, आणि छातीवर काय लिहिलंय ते फक्त धम्मदीपला वाचता यायचं, कारण त्याला ते पाठ होतं. याच टी-शर्टात त्याने नोकरीचा इंटरव्ह्यू दिला, फोनवरून. याच टी-शर्टात त्याने मोठमोठी कामं निस्तरली. तेव्हापासून त्याचा नियम पक्का झाला होता. अवघड काम असलं की अंगात तो टी-शर्ट, खाली हाफ पँट, पायात काही नाही. शर्टाची कॉलर मानेला लागली की कोडमध्ये चुका होतात आणि कमरेला पट्टा आवळला की डोकंही आवळतं, असं तो बायकोला गंभीर चेहऱ्याने समजावून सांगायचा. बायको, भक्ती, झेडपीच्या शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "मग माझी पोरं गणवेशात पाढे म्हणतात, ती काय दैवी शक्तीने?"

"न्हाय तो," कमळाबाई म्हणाल्या. "काल भांडीवालीला दिला."

"दिला?"

"तुझा तो चिंधोटा, तुझ्या बाबांची एक प्यांट आन माझ्या दोन साड्या. तरी टोप द्यायला तयार न्हवती. किती घासाघीस केली म्हाईताय?" त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. फळीवर नवाकोरा स्टीलचा टोप चकाकत होता. धम्मदीपला त्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते चांगलं दिसत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. राही मॅडम, म्हणजे त्याची नवी मुंबईतली बॉस.

"धम्मदीप, एकाही गाडीला नंबर मिळत नाहीये. यार्डवाले मला फाडून खातायत."

यार्ड म्हणजे उरणजवळचा कंटेनरचा एक तळ. ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरने मोबाइलवर बटण दाबायचं, त्याला आत जायचा नंबर मिळायचा. नंबर देणारा हा प्रोग्रॅम धम्मदीपने नव्याने लिहिला होता आणि तो काल संध्याकाळीच चालू झाला होता. सकाळपासून मात्र सगळ्यांना एकच उत्तर, 'थांबा'. ट्रक थांबले होते. त्यांच्यामागे आणखी ट्रक थांबले होते.

"मी बघतो मॅडम."

"बघतो नाही, कर. दुपारी त्यांच्या मोठ्या साहेबांबरोबर कॉल आहे, कॅमेरा चालू ठेवून. तोपर्यंत गाड्या हलल्या नाहीत तर तुझं घरून काम बंद. सोमवारपासून तू इथे माझ्यासमोर बसलेला त्यांना हवायस. यावेळी मी तुला वाचवू शकणार नाही, सांगून ठेवते."

लग्न झालं तेव्हापासून धम्मदीप ऐरोलीला खोली करून आणि भक्ती इकडे, असं चाललं होतं. शनिवारी रात्री यायचं, रविवारी दुपारी परत निघायचं. बाप घरात एकटाच पेपर वाचणार, आई एकटीच बडबडणार. किती खेटे घातल्यावर कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती! आत्ता कुठे बोर्ली पंचतनच्या या घरात चार माणसं रोज एका वेळी जेवायला बसत होती. ते सगळं आज दुपारी जाणार होतं.

तो धुतलेला शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. कोड उघडला. एक ओळ वाचली, मानेला कॉलर लागली. वरचं बटण काढलं. तीच ओळ पुन्हा वाचली. शर्ट काढून टाकला आणि बनियनवर बसला. आता पंख्याचा वारा नको तिथे लागायला लागला. राही मॅडमनी फोटो पाठवला. रस्त्याच्या कडेने ट्रकच ट्रक, आणि दोघा ड्रायव्हरांनी खाली उतरून स्टोव्हवर चहा ठेवलेला. धम्मदीपने लॅपटॉप मिटला आणि स्कूटरची चावी उचलली.

ओट्यावर त्याचे वडील, कृष्णाजी, पेपर वाचत बसले होते. गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रोज सकाळी अंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि मगच चहा. कुठे जायचं नसलं तरी. आपल्या माणसाने कसं नीट राहावं हा त्यांचा हट्ट होता, आणि तो हट्ट का होता हे घरात कुणी विचारायची गरज नव्हती. मुलाचा कामाचा अवतार बघून त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तुझा पगार चालू आहे ना रे?"

"काम सोडून निघालास कुठे?" त्यांनी आता विचारलं.

"भांडीवालीकडे," असं म्हणून धम्मदीप गेलासुद्धा, बनियनवरच.

भांडीवाली सगुणा बाजारात एस.टी. थांब्याच्या मागे गाठोडं सोडून बसली होती. त्याची कहाणी ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली. "फाटकं परत मागनारा पयलाच बघितला गं बाई. धडकं हाय ते मी इकते. तुझं ते तसलं गॅरेजवाल्याला देते, पुसायला."

"कुठल्या गॅरेजवाल्याला?"

"दादूला. नाक्यावर. पर आता मिळायचं न्हाय हां!"

फोन खिशात सारखा थरथरत होता. त्याने तो उचलला नाही. नाक्यावर दादू एका टेम्पोखालून सरपटत बाहेर आला आणि त्याच्या हातात जे होतं ते बघून धम्मदीपला रडू यायचं बाकी राहिलं. टी-शर्टाची छाती ग्रीसने काळीभोर, पाठ रॉकेलच्या ट्रेमध्ये भिजत पडलेली. एकच बाही बरी राहिली होती. दादूने ती फाटकन ओढून काढून दिली, आणि धम्मदीप स्कूटर चालू करेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

तो घरी आला, पुन्हा टेबलाशी बसला आणि ती बाही उजव्या दंडात चढवली. सैल होती म्हणून गाठ मारली. डोळे मिटले. आता सुचेल. सुचायलाच पाहिजे.

"हे काय आहे?"

दारात कृष्णाजी उभे होते.

"काही नाही बाबा. कामात आहे."

"दंडाला काय बांधलंयस?"

आता काय सांगणार, कपाळ? "टी-शर्टाची बाही. तो असला की मला सुचतं."

कृष्णाजींचा आवाज घरात सहसा चढत नसे. तो चढला तेव्हा कमळाबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "माझ्या बापाच्या दंडावर गंडा होता! रोग होऊ नये म्हणून बांधलेला. धम्म स्वीकारला त्या दिवशी त्याने तो विळ्याने कापला आणि खाडीत फेकून दिला. हात थरथरत होता त्याचा, तरी कापला. लहानपणापासून ऐकलंय मी हे, शंभरदा. आणि त्याचा नातू इंजिनीयर होऊन गॅरेजातली चिंधी दंडाला बांधतो? लाज नाही वाटत?"

"वाटते!" धम्मदीप ओरडला. बापावर तो आजवर कधी ओरडला नव्हता. "लाज वाटते, पण भीती जास्त वाटते. दुपारपर्यंत हे नीट झालं नाही तर सोमवारी मला ऐरोलीला जावं लागणार. पुन्हा ती खोली, पुन्हा शनिवार-रविवार. मग काय करू? लाज सांभाळू?"

कृष्णाजींनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि मुलाच्या शेजारी बसले. घरात नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं, कमळाबाई बंद करायला विसरल्या होत्या.

"भीती मलाही वाटते," ते म्हणाले. "तू गेलास की हे घर खायला उठतं. तुझ्या आईला विचार, मी रविवारी संध्याकाळी कुणाशी बोलत नसे." मग त्यांनी मास्तरांच्या आवाजात विचारलं, "एक सांग. जे गणित चुकलंय ते सोडवलंस तेव्हा अंगात काय होतं?"

धम्मदीपने दंडावरच्या बाहीकडे पाहिलं.

तोच टी-शर्ट होता. काखेतलं भोक शिवायला आईने तो मागितला होता आणि त्याने दिला नव्हता, ती दुपार. कोडचा शेवटचा तुकडा लिहून झाला तेव्हा तो कुणाला तरी तपासायला द्यायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण अंगात टी-शर्ट होता. चूक होणारच कशी? 'माझं मी बघितलंय' असं लिहून त्याने ते पुढे ढकललं होतं. बघितलं नव्हतं.

"हुशार पोरांचे पेपर मी दोनदा तपासायचो," कृष्णाजी म्हणाले. "ढ पोरगं घाबरून उत्तर पडताळून बघतं. हुशार पोरगं बघत नाही. तू पडताळलं होतंस?"

"नाही."

"मग आता पडताळ. आणि साहेबांसमोर बनियनवर बसणार आहेस का?"

ते आत गेले आणि कपाटातून आपला कोट घेऊन आले. निरोप समारंभाला शिवलेला, करड्या रंगाचा, त्यानंतर कुणाच्या लग्नालासुद्धा न घातलेला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. धम्मदीपने शर्ट घातला, त्यावर कोट चढवला. दंडावरची बाही कोटात मावेना, म्हणून त्याने ती सोडली आणि टेबलाखाली टाकली. कोट खांद्यात तंग होता, कॉलर मानेला कचाकचा टोचत होती, घाम कानामागून ओघळत होता. त्याच्या सगळ्या सिद्धान्तांप्रमाणे या अवस्थेत माणसाला स्वतःचं नावसुद्धा टाइप करता यायला नको.

त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. हे आपण लिहिलेलं नाहीच, कुणा आगाऊ पोराने लिहिलंय आणि त्याला नापास करायचंय, असं समजून वाचायला लागला. राही मॅडमचा मेसेज आला, 'साहेब कॉलवर आले, मी गप्पा मारतेय, लवकर.' कृष्णाजी शेजारी बसून होते. त्यांना पडद्यावरचं अक्षर कळत नव्हतं, तरी ते पडद्याकडेच बघत होते. कमळाबाई दारात उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या.

"थांबा, थांबा," धम्मदीप म्हणाला.

काल कुणा एका ड्रायव्हरने नंबर घेतला होता आणि मग तो रद्द करून तो घरी निघून गेला होता. नंबर रद्द झाला, पण गाडीचं नाव रांगेतून काढायचं धम्मदीप विसरला होता. तीच गाडी रांगेत पहिली उभी होती, जी तिथे नव्हतीच. ती आत गेल्याशिवाय दुसरीला नंबर नाही. सगळं उरण एका नसलेल्या ट्रकच्या मागे उभं होतं.

"अगं आई गं," तो म्हणाला. ती चूक निस्तरायला एक ओळ लागणार होती. त्याने ती लिहिली. बोट शेवटच्या बटणावर नेलं, आणि मागे घेतलं. राही मॅडमना फोन करून म्हणाला, "चूक सापडलीय. पण मी केलेलं कुणीतरी तपासा, आत्ता. मी एकट्याने बघितलेलं चालणार नाही."

"तूच बोलतोयस ना?" मॅडमनी विचारलं.

तपासणाऱ्याने तपासलं. बटण दाबलं गेलं. मग पलीकडून कुणाचा तरी आवाज आला, "गेली! पहिली गाडी गेली!" कमळाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि नळ बंद करायला पळाल्या.

कॅमेऱ्यावर यार्डाचे साहेब रागात होते. पण समोर कोट घातलेला, घामाने निथळणारा माणूस सरळ म्हणाला, "चूक माझी. मी न तपासता पाठवलं." साहेब थोडे चाचरले आणि म्हणाले, "ठीक आहे. सीरियस माणूस वाटतोय." कॉल संपला तेव्हा राही मॅडम तेवढ्या मागे थांबल्या. "राहा तिथेच," त्या म्हणाल्या. "आणि तो कोट काढ रे, तुझ्याकडे बघून मला गरम होतंय."

संध्याकाळी भक्ती शाळेतून आली, सगळं ऐकून पोट धरून हसली आणि मग एकदम नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली. टेबलाखालची बाही कमळाबाईंनी नव्या टोपाला धरायला घेतली.

पुढच्या महिन्यात पुन्हा मोठं काम आलं. सकाळी धम्मदीप साधा धुतलेला शर्ट घालून, मनात कुठलंही खूळ न ठेवता टेबलाशी बसला. तपासायला कोण आहे ते आधीच ठरवून ठेवलं होतं. मन शांत होतं. मागे पाऊल वाजलं म्हणून त्याने वळून पाहिलं.

दारात कृष्णाजी, इस्त्रीच्या शर्टात. हातात हँगर, हँगरवर करडा कोट.

"बाबा, काय हे?"

"काही नाही." ते दुसरीकडे बघत होते. "हवेत जरा गारवा आहे."

बाहेर मे महिन्याचं ऊन ओट्यावर तापत होतं. धम्मदीप बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर विळा आला, खाडी आली, शंभरदा ऐकलेली ती गोष्ट आली, आणि तोंडावर आलेला टोमणा त्याने गिळला. कोटाचा हँगर बापाच्या हातात थरथरत होता.

तो उठला आणि त्याने दोन्ही हात मागे केले. कृष्णाजींनी त्याला कोट घातला, खांद्यावरची सुरकुती तळहाताने सारखी केली, आणि मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.