उत्सिमा आत्याला काय दिसलं

लोकरीच्या चित्रांत उत्सिमा आत्याचा हात धरणारं आमच्या डोंगरात कोणी नाही. फळीवर मेण थापायचं, अंगठ्याने त्यात रंगीत लोकर दाबत जायची, आणि बघता बघता हरीण उभं राहायचं. त्याच्या शिंगांतून मका फुटायचा, सूर्याला पाय यायचे. ग्वादालाहारा शहरातले दुकानदार विचारायचे, "बाई, हे सगळं तुला हिकुरीने दाखवलं?" आत्या खाली मान घालून लोकर दाबत राहायची. लोक म्हणायचे, एवढी मोठी कारागीर, पण गर्व कसा तो नाही.

हिकुरी म्हणजे वाळवंटातला बिनकाट्याचा, जमिनीला चिकटलेला निवडुंग. वर्षातून एकदा आम्ही त्याच्या भेटीला त्या वाळवंटात, विरिकुताला, जातो आणि तो देव म्हणून खातो; खाल्ल्यावर जे दिसतं ते त्यानेच दाखवलं असं मानतो. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा पहिल्यांदा निघाले. आत्याची ती सहावी खेप. सोबत तिचा नवरा, माझे आतोबा युकाये, आणि म्होरक्या म्हणून तिचा धाकटा दीर शौरेमे. शौरेमे आमचा माराकामे, म्हणजे देवांशी गाऊन बोलणारा. बाकीचे आठ जण धरून आम्ही सगळे एका ट्रकमध्ये कोंबलेले.

वाटेत सगळं उलटं बोलायचं ही रीत. सकाळ झाली की "रात्र झाली, झोपा," ट्रकला गाढव, आणि म्हाताऱ्यांना तान्ही बाळं. साठी उलटलेल्या आतोबांना शौरेमे विचारत होता, "तान्ह्या, दूध पिऊन झालं का?"

"पितो की, आजोबा," आतोबा बोळकं पसरून म्हणाले, "दात यायचे आहेत अजून."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना आम्ही माळावर थांबलो आणि विस्तव पेटवला. आता मन मोकळं करायचं होतं. आजवर कुणाकुणाशी आपलं लफडं झालं, ते विस्तवापुढे सगळ्यांदेखत सांगायचं. नवरा शेजारी असो की बायको, रागवायचं नाही. प्रत्येक नावाला शौरेमे दोरीत एक गाठ मारतो आणि शेवटी ती दोरी जाळतो. मग माणूस हलका होऊन पुढे जातो.

आत्याने लग्नाआधीची दोन नावं सांगितली. हशा झाला. ती मात्र खाली बसेना.

"भावोजी, अजून एक गाठ आहे."

आतोबांचा चेहरा पडला. "कोण गं?"

"माणूस नाही हो." आत्या विस्तवाकडे बघत म्हणाली, "मी पाच वेळा हिकुरी खाल्ला. मला एकदाही काही दिसलं नाही. पहिल्यांदा ओकले. दुसऱ्यांदा घोरत पडले. मग नुसतं डोकं जड. माझ्या चित्रांतलं सगळं ह्यांना दिसलेलं आहे. हे घरी येऊन सांगायचे, मी चिकटवायची. आणि लोक मला मोठी म्हणतात. वीस वर्षं मी लोकांना फसवतेय."

आतोबा कान खाजवत राहिले. मग हळूच म्हणाले, "शौरेमे, माझीही एक गाठ मार रे."

"कसली?"

"मलाही कधी काही दिसलं नाही."

आत्या गर्रकन वळली.

"अंगाला ऊब येते," आतोबा सांगू लागले, "पोटात गुदगुल्या होतात, आणि ढगांविषयी फार माया वाटते. एवढंच. पण तू विचारायचीस, काय दिसलं, सांगा ना, हे एवढाले डोळे करून. मग मी आपलं काहीतरी सांगायचो."

"तीन तोंडांचं हरीण?"

"दिलं ठोकून."

"आणि सापाच्या पोटातली नदी? ती तर परदेशात गेली हो!"

"त्या दिवशी तुझ्या भावाकडची दारू जरा जास्त झाली होती."

पहिली हसली ती आत्याच. पोट धरून ती खालीच बसली. मग सगळा माळ हसला. शौरेमेने डोळे पुसत दोन गाठी मारल्या आणि म्हणाला, "वहिनी, कुणाला डोळ्यांना मिळतं, कुणाला कानांना, कुणाला नुसती ओकारी. हिकुरी काय घरचा गडी आहे, सांगितलं ते आणून द्यायला?" दोरी विस्तवात गेली.

तिसऱ्या दिवशी विरिकुताच्या सपाटीवर शौरेमेने रीतीप्रमाणे बाण सोडून पहिल्या हिकुरीचा वेध घेतला आणि त्याच्या फोडी सगळ्यांना वाटल्या. चव अशी कडू, की जिभेने पळून जावं. दुपार चढत गेली. आधी मला मळमळलं. मग माझा हात लांब, फार लांब गेला आणि मला घाम फुटला.

"आत्या, हा हात माझा नाही!"

"नाही? मग मला दे. छान आहे," असं म्हणत तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला. शौरेमेने पिसांची काडी माझ्या कपाळावरून फिरवली. "भिऊ नकोस पोरी. श्वास घे. आलंय ते जाणारही आहे." भीती एकदम गेली नाही, उकळी उतरावी तशी हळूहळू उतरली. मग झुडपं श्वास घेऊ लागली, प्रत्येक पानाच्या कडेला उजेडाची किनार आली, आणि एका माशीची गुणगुण मला चक्क पिवळी दिसली. एक घोट पाणी प्यायला जणू अख्खा उन्हाळा लागला.

माझ्याशेजारचा मत्सिवा, एरवी शब्द मोजून बोलणारा, मेलेल्या आईला हाक मारत आनंदाने रडला आणि मग त्याने संत्रं मागितलं. एक जोडपं एका दगडाकडे बघून थांबेचना हसायचं. एकाला काहीच झालं नाही. तो सरपण गोळा करत बसला.

आणि आतोबा! तोंड उघडं, नजर आभाळात.

"अहो, दिसलं का?" आत्याने विचारलं.

आतोबांनी मान हलवली. होय.

"मग सांगा ना!"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गालांवरून पाणी ओघळत होतं. "नाही गं सांगता येत."

"खोटं कसं भराभरा सांगत होता!" आत्याने त्यांचं तोंड रुमालाने पुसलं. तेवढ्यात तिचा हात थबकला. "कोण गातंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"आहे गं. त्या झुडपाच्या मुळाशी."

ती रांगत तिकडे गेली, कान जमिनीला लावला आणि पुटपुटू लागली. आधी नुसता सूर, मग शब्द: पाऊस अनवाणी आला, दार कशाला लावता. शौरेमेने पिशवीतून छोटं व्हायोलिन काढलं आणि सूर धरला. आत्या चपला फेकून उठली. जन्मात चार माणसांपुढे न गायलेली बाई त्या माळावर भर उन्हात गात होती, नाचत होती, आणि आम्ही तिच्यामागे धूळ उडवत गोल फिरत होतो. सरपणवालासुद्धा मोळी टाकून आला.

त्याला सात वर्षं झाली. पेरणीआधीच्या नाचात आता ते गाणं होतंच. आत्याचा आवाज काही गोड नाही, जरा फाटकाच आहे. पण तिने पहिली ओळ उचलली की कुणाचे पाय जागेवर राहत नाहीत, आणि यंदा तर पलीकडच्या खोऱ्यातली माणसं ते ऐकायला दीड दिवस चालत आली.