न फुटलेलं फ्लायव्हील

माझा मुलगा नुर्तास गेला तेव्हापासून आमचे हे, त्याचे वडील, एकच वाक्य धरून बसले होते. मुल्ला आला, शेजारीण दूध घेऊन आली, गॅसवाला आला, सगळ्यांना तेच. "कापलेलं फ्लायव्हील फुटतंच. आज नाही तर उद्या. मी त्याला सांगितलं होतं." लोक मान हलवायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. मीही मान हलवायचे. माणूस ज्याच्यावर उभा आहे ते त्याच्या पायाखालून काढून कसं घेणार?

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीला बसवलेलं बिडाचं जाड ताट. ते इंजिनाबरोबर फिरतं आणि त्याला धक्के खाऊ देत नाही. पण शर्यतवाल्या पोरांना ते जड वाटतं. त्यातलं वजन काढलं की पाय दाबताच गाडी उसळते म्हणतात. आमच्या तेमिरताऊ शहरात जलाशय गोठला की बर्फावर जुन्या झिगुली गाड्यांच्या शर्यती लागतात. नुर्तासची झिगुली नेहमी मागे पडायची. बाप टर्नर, पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेला, घरच्या गॅरेजात स्वतःचं लेथ. मग पोराने दुसऱ्या कोणाकडे मागायचं?

त्याने मागितलं. हे म्हणाले, "गाडी बनवणाऱ्या कारखान्याने वजन ठेवलंय ते काय उगीच? मी खेळण्यांसाठी लेथ लावत नाही." पुढच्या हिवाळ्यात त्याने परत विचारलं, तर हे जेवता जेवता म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नाही का रे तुला?" आमच्यात बापाने दोनदा नाही म्हटलं की मुलगा तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. नुर्तास गुणी पोरगा. त्याने उघडलं नाही. बाजारामागच्या कुठल्याशा गॅरेजातून तो गुपचूप कापून घेऊन आला. पहिल्याच शर्यतीत ते फुटलं, आणि एक तुकडा पत्रा फाडून त्याच्या मांडीत घुसला. बर्फावरून ॲम्ब्युलन्स सावकाशच येते.

वर्ष भरत आलं तसं त्याच्या नावाने जेवण घालायची तयारी सुरू झाली. नुर्तासचा जिवलग मित्र तोल्या एक दिवस टोपी हातात घेऊन आला. तोल्याची आई रशियन, पण आमच्या रीती तो आमच्या पोरांपेक्षा जास्त पाळतो.

"अपा," तो मला म्हणाला, "पूर्वी वर्षाच्या जेवणाला घोडे पळवायचे की नाही? आम्ही गाड्या पळवतो. आणि नुर्तासची गाडी मी चालवतो. दुरुस्त मी केलीच आहे. फक्त ते ताट तेवढं नवं लागेल."

गेलेल्या माणसाच्या घोड्यावर वर्षभर कोणी बसत नाही. झिगुली काही घोडा नव्हे, पण वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली होती; तोल्याने ती तिथेच दुरुस्त केली, तरी चालवायला तिच्यात कोणी बसलं नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं.

"चालव," हे म्हणाले. "पण आधी मी तुला काहीतरी दाखवतो. त्याला हवं होतं तसंच ताट कापतो आणि इथेच, या अंगणात फोडून दाखवतो. मग कारखान्याचं जड ताट घाल आणि चालव. पुन्हा कोणी कापायचं नाव काढणार नाही."

"आगा, कशाला उगीच..." तोल्या पुटपुटला.

"गप. ताट आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी वर्षात पहिल्यांदा तो काळा एप्रन बांधला. मी चहा घेऊन गेले तेव्हा लेथ फिरत होतं आणि खाली बिडाचा काळा भुगा सांडत होता. ते ताट फुटावं अशीच यांची इच्छा होती, हे मला ठाऊक होतं. पण हातांना वाईट काम येत नव्हतं त्याला काय करणार? कडेचं लोखंड ते हळूहळू काढत होते, मध्याला हात लावत नव्हते. आतला एक कोपरा तर कितीतरी वेळ घासत बसले.

"तिथे काय एवढं?" मी विचारलं.

"इथे गोलाई ठेवावी लागते. नाही ठेवली तर तडा इथूनच..."

लेथ बंद करून ते कपाटाकडे गेले. पोलिसांनी परत दिलेला तो तुकडा तिथे फडक्यात होता. त्यांनी त्याच्या आतल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कोपरा सुरीसारखा होता, गोलाई ठेवलीच नव्हती. मग तुकडा परत ठेवून ते लेथपाशी आले आणि राहिलेलं काम करायला लागले. त्यांनी चहा घेतला नाही. जेवणाची वेळ व्हायच्या आत सगळं झालंसुद्धा. दोन हिवाळे ज्याला नाही म्हटलं ते एका सकाळचं काम होतं. ताट उचलून ते माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

ताट गाडीत बसवलं. गाडीभोवती वाळूची पोती रचली, ॲक्सिलरेटरला तार बांधली आणि आम्ही तिघं भिंतीआड उभे राहिलो. यांनी तार ओढली. इंजिन असं किंचाळलं की शेजाऱ्यांची कुत्री पळाली. काही फुटलं नाही. यांनी आणखी ओढली. मी डोळे मिटून घेतले होते आणि माझ्याही मनात एकच होतं, फूट, मेल्या, फूट.

"आगा, काय काम केलंय!" तोल्या नाचायला लागला. "सोनं आहे हो, सोनं! हेच घालून पळवतो मी."

"थांब. अजून एकदा," हे म्हणाले. अजून एकदा, अजून एकदा करत पेट्रोल संपलं. मग ते तिथेच पोत्यावर बसले. त्या दिवसापासून ते वाक्य त्यांनी कोणाला ऐकवलं नाही.

जेवण झालं. घोडा कापला होता, माणसं पोटभर जेवली, कुराण वाचलं गेलं. बायका मला धरून रडल्या. शर्यत बघायला आम्ही दोघं गेलो नाही. दुपारी तोल्या बर्फाने माखलेला, दारातूनच ओरडत आला, "सुयिन्शी, आगा! सुयिन्शी! पहिला आलो! नुर्तासची गाडी पहिली आली!"

चांगली बातमी आणणाऱ्याने सुयिन्शी म्हटलं की तो मागेल ते द्यायचं, त्याला नाही म्हणता येत नाही. यांनी विचारलं, "माग. काय देऊ?"

पोरगं खुशीत होतं बिचारं. "माझ्या गाडीचंही ताट कापून द्या ना. सगळे विचारताहेत. साऊल्याला हवंय, गेनाला हवंय..."

हे उठले आणि खुंटीवरचा काळा एप्रन घेऊन आले. मग म्हणाले, "आण. सगळ्यांची आण."

आता आमच्या गॅरेजापुढे रांग असते. कुठली कुठली पोरं येतात, कोणाच्या मिशाही धड फुटलेल्या नाहीत. हे कोणालाच नाही म्हणत नाहीत. कापतात, कोपरा घासतात, पोती रचतात, पोरांना भिंतीआड लोटतात आणि तार ओढतात. एकही फुटलेलं नाही. पोरं यांचे हात हातात घेतात आणि हसत निघून जातात. हे वाळूच्या पोत्यावर बसून राहतात. दिवसेंदिवस पाठ वाकत चालली आहे.

मी चुलीपाशी बसून ऐकते. इंजिन किंचाळायला लागलं की नमाजातसुद्धा माझं मन तिकडेच जातं, आणि कोणत्याही आईने मागू नये ते मी मागते. या अल्ला, कोणाला न लागता, त्या पोत्यांच्या आत, यांच्यासाठी एक तरी फुटू दे.