कोंडाबाईची सही

निजामाच्या अमदानीतलं चव्वेचाळीस साल. उमरग्याचा फकरुद्दीन हैदराबादला एम.ए. करत होता, आणि प्रौढशिक्षणावरच्या प्रबंधासाठी त्याला निरक्षर माणसं हवी होती. जळकोटात ती हवी तेवढी होती. तिथल्या चावडीत त्यानं सहा महिने वर्ग चालवला. सरकारी कागद सगळे उर्दूत, म्हणून वर्गही उर्दूचा. एवढ्यात वाचन कुठलं यायला? पण प्रबंधाला आकडा तर हवा. मग गड्यानं सोपी वाट काढली: जो स्वतःच्या हातानं नाव लिहील, तो साक्षर. चाळिसातले एकतीस साक्षर झाले. आता परीक्षक खूश होणार, मोठी नोकरी लागणार, असे मांडे तो मनातल्या मनात खाऊ लागला.

त्यात पहिला नंबर कोंडाबाईचा. नवऱ्यामागं चार एकर रान एकटीनं कसणारी ही बाई उजवीकडून डावीकडं नाव असं ठसठशीत लिही, की बघत राहावं. भाकरी थापताना ती परातीतल्या पिठातही नाव काढी आणि ते मोडायला तिचा हात धजत नसे. "आता म्या शिकलेली हाय," असं ती गावभर सांगे. फकरुद्दीन नुसता हसे.

वर्ग संपून पंधरवडा झाला. तो चावडीतच प्रबंधाची पक्की प्रत उतरवत होता, तोच कोंडाबाई धापा टाकत आली.

"मास्तर, माजं रान गेलं!"

दीर बब्रुवाननं बांधाच्या मोजणीचा म्हणून कागद पुढं केला होता. हिनं ऐटीत सही ठोकली. रान दिराला दिल्याचा कागद होता तो.

"कुणी वाचून नाही दाखवला, मावशी?"

"अंगठ्याला वाचून दावत्यात, मास्तर. सहीला कोन दावतंय?"

अंगठा घ्यायचा तर दोन पंचांसमोर कागद मोठ्यानं वाचायचा, हा इथला रिवाज. सही करणारा मात्र जाणता धरला जाई. फकरुद्दीननंच तिला जाणत्यांत नेऊन बसवलं होतं, आणि तिथंच ती नागवली गेली. त्याला लाज वाटली, आणि प्रबंध उघडा पडेल याची भीतीही वाटली. खरं सांगायचं तर भीतीच जास्त.

कोंडाबाईनं फिर्याद केली, तेव्हा तहसीलदारासमोर बब्रुवाननं चावडीतलं वर्गाचं हजेरीबुकच ठेवलं. कोंडाबाईच्या नावापुढं फकरुद्दीनच्या अक्षरात शेरा होता: साक्षर.

"बोला मास्तर," तहसीलदार म्हणाला, "हिला वाचता येतं का? येत नसेल तर हा शेरा खोटा. मग बाकीच्या तिसांचं काय?"

दोन वर्षांचं काम फकरुद्दीनच्या डोळ्यांपुढून गेलं.

"येत नाही, साहेब. कुणालाच येत नाही. मी फक्त नाव गिरवून घेतलं."

कागद रद्द झाला. कारकुनानं कोंडाबाईचा जबाब लिहिला, दोन पंचांसमोर मोठ्यानं वाचला आणि शाईची गादी पुढं सरकवली. तिचा हात सवयीनं टाकाकडं गेला.

"अंगठा, बाई," कारकून म्हणाला.

तिनं खाली मान घालून अंगठा उठवला.

बाहेर येऊन ती पदरानं अंगठा पुसत राहिली. फकरुद्दीन जवळ जाऊन म्हणाला, "मावशी, रान परत मिळालं."

"मिळालं की. तुमचे उपकार हायेत." तिनं आता कुठं त्याच्याकडं पाहिलं. "पर मला वाचाया येत न्हाय, हे तुमाला आदीपास्नं ठावं व्हतं. मग मलाच का न्हाय सांगितलंत?"