गाड्या नसलेलं बेट

बारकीचं लग्न बेटावर करायचं ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. निस्तरायचं काम निघालं की या घराला आत्या आठवते. मीही खुळी, लगेच कंबर कसली. हॉटेलवाल्याशी घासाघीस केली, मंडपवाल्याला फैलावर घेतलं, फुलवालीला बोट लागते असं कळल्यावर न लागणारी फुलवाली शोधली. खोल्या अशा वाटून दिल्या, की ज्या पाहुण्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्यामध्ये निदान एक जिना यावा.

सगळं सुरळीत चाललं होतं. खोडा घातला तो आमच्या दादाने, म्हणजे प्रत्यक्ष नवरीच्या बापाने.

दादाची ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या शहराला त्याने गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला शिव्या घातल्या. पण बेटाचा विषय निघाला की हा माणूस रोज नवं खुसपट काढायचा. आधी म्हणाला, तिथे डॉक्टर नाही. मी नवऱ्यामुलाच्या काकांना सगळ्यांच्या आधी पोचायला सांगितलं. ते दातांचे डॉक्टर आहेत, पण डॉक्टर तो डॉक्टर. मग म्हणाला, वीज जाईल. मी जनरेटर सांगितला. मग वारा, मग डास, मग खारी हवा. वहिनीच्या मते त्याला मुलगा पसंत नव्हता. मला वाटत होतं, खर्चाला घाबरतोय.

एकदा बारकीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“आत्या, बाबा येणारच नाही बघ. काहीतरी कारण काढेल आणि ऐनवेळी घरी बसेल.”

“न येऊन सांगतो कुणाला? उचलून नेईन त्याला,” मी म्हणाले. पण बापाशिवाय या पोरीचं लग्न मला नुसतं डोळ्यांसमोरही आणवेना.

म्हणून मी सगळ्यांनी जाऊन जागा बघायचा घाट घातला. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघेल आणि तोंड बंद होईल. दादाने आपल्या शिकवणीच्या गाडीतूनच आम्हाला धक्क्यावर आणलं. तो दुसऱ्या कुणाच्या गाडीतून सहसा जात नाही. स्वतःची गाडी शिकाऊंच्या हातात देतो, पण तिथे शेजारी त्याच्या पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक असतो.

बोट धक्क्याला लागली. वहिनी चढली, बारकी चढली, मी चढले तेव्हा बोट जरा कलली, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दादा धक्क्यावरच उभा.

“हिचा ब्रेक कुठे आहे?” त्याने बोटवाल्याला विचारलं.

“बोटीला ब्रेक नसतो, काका.”

“मग थांबवता कशी?”

“इंजिन बंद करायचं. थांबते आपोआप.”

“आपोआप,” दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस आजवर आगगाडीत बसला नाही, विमानात बसला नाही. जावयाच्या गाडीत नाइलाजाने बसला, तर पायाखालची चटई दाबून दाबून झिजवायचा. आम्ही हसायचो, म्हणायचो, गाड्यांचं वेड आहे. वेड कसलं, भीती होती ती. डासांपासून विजेपर्यंत सगळ्यांची नावं घेतली त्याने, बोटीचं तेवढं घेतलं नाही, आणि मी बावळट जनरेटर शोधत फिरले. मला स्वतःचाच राग आला आणि नेहमीप्रमाणे तो मी दादावर काढला.

“सरळ सांगायला काय झालं होतं? जीभ झडली असती?”

“काय सांगू?” तो खाली बघत म्हणाला. “लोकांची भीती घालवायची फी घेतो मी.”

बारकी बोटीतून उतरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, हे बेट मी का निवडलं, माहीत आहे?”

“तुला समुद्र आवडतो.”

“समुद्राचं मला काही नाही. तिथे गाड्या नाहीत. एकही नाही. ताईच्या लग्नात तू सगळा वेळ फाटकावर होतास. ह्याची मागे घे, त्याची आडवी लाव. तिच्या एका फोटोत तू नाहीस. ती अजून माझ्याजवळ रडते त्यावरून, तुला सांगत नाही. मला तू शेजारी हवा होतास.”

बोटीत वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मला तर रडूच फुटणार होतं, पण बोटवाला बघत होता.

“जाऊ दे,” बारकी त्याचा दंड धरून म्हणाली. “आपण इथेच करू, अलीकडे. धक्क्यासमोर हा लग्नाचा हॉल आहेच. तू नको बसूस बोटीत.”

माझ्या सगळ्या खटपटीवर पाणी पडत होतं, तरी मी एक अक्षर काढलं नाही. माझ्या घरच्यांना हे सांगून खरं वाटणार नाही.

दादाने वळून हॉलकडे पाहिलं. हॉलसमोरच्या मैदानात कुणीतरी पांढरी गाडी मागे घेत होतं, आणि वाईट घेत होतं. खांबाला लागणार हे मलासुद्धा दिसत होतं. दादाचा हात नकळत वर गेला, तिकडे एक पाऊलही पडलं. मग तो थांबला. हात खाली घेतला. मैदानातून पत्रा चेपल्याचा आवाज आला, पण तोवर त्याने पाठ फिरवली होती.

“इथे नको,” तो बारकीला म्हणाला. “इथे गाड्या आहेत.”

तिचं मनगट घट्ट धरून तो बोटीत उतरला, मधल्या फळीवर बसला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

“हळू घे,” तो बोटवाल्याला म्हणाला.

बोट अजून बांधलेलीच होती.