करपलेलं पिठलं

नवरा गेला आणि मी गाव सोडून खारघरला लेकाकडे आले. घास तोंडातच फिरायचा. अंगावरची चोळी ढगळ झाली, तसं अंकुशनं मला वाशीच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "आजी, तुम्ही जेवत नाही." हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे?

मग घरात प्रोटीनची पावडर आली, बेचव सूप आलं. "आई, खा ना, आई, खा ना" करून लेका-सुनेनं जीव खाल्ला. मी तोंड फिरवून बसले.

एक दिवस सुनेनं, क्रांतीनं, पिठलं करपवलं. दुसऱ्या दिवशी आमटी खारट. मग तिनं भाकरी थापली, तिला एक कड धड नव्हती.

"कुत्रं तरी हुंगेल का याला?" मी तिला ओट्यापासून बाजूला सारलं. गावचा येसर मसाला घालून आमटी केली, भाकरी भाजली आणि जमलीय का बघायला कुस्करून खाल्ली. सगळीच खाल्ली.

आता रोज ती बिघडवते, मी शिव्या देत रांधते आणि ताटभर जेवते. वजन वाढलं. डॉक्टर पावडरीचं कौतुक करतो.

काल शेजारची वैजयंती लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "मला भाकरी तुमच्या क्रांतीनंच शिकवली. कसली गोल थापते हो!"

घरी आले, तर क्रांती मन लावून वाकडी भाकरी थापत होती.

"क्रांते," मी म्हणाले, "उद्या रविवार. उद्या मटण बिघडव."